तुम्ही विचारलंत म्हणून: महिन्याचं इंजेक्शन की तीन महिन्यांचं?

सात वर्षांच्या मुलीची छाती वाढायला लागली, डॉक्टरांनी वयात येणं लांबवायचं इंजेक्शन सांगितलं. मग दर महिन्याचं घ्यावं की तीन महिन्यांचं, असं आईवडील हमखास विचारतात. दोन्ही चालतात. तारीख न चुकता जे जमेल ते घ्या.

पण त्याआधी इंजेक्शनची गरज आहे का, हे ठरायला हवं. मुलींमध्ये 8 आणि मुलग्यांमध्ये 9 वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली, तर तपासणी करायचीच. नुसती छाती थोडी वाढली असेल, उंची नेहमीच्याच वेगाने वाढत असेल आणि मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय पुढे गेलेलं नसेल, तर बहुतेकदा काही महिन्यांनी पुन्हा पाहणं पुरतं. अंडाशयातून किंवा मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून परस्पर हार्मोन सुटत असतील, तर ही इंजेक्शनं निरुपयोगी; त्याचे उपचार वेगळे.

मेंदूकडून सुरुवात झाली असेल, तर मात्र ती चांगली लागू पडतात. मेंदूचा इशारा पिट्युटरीला, म्हणजे अंडाशयाला चालना देणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीला, थांबून थांबून मिळतो, तेव्हा ती जागी राहते. औषध तोच इशारा सतत देतं, मग ती दाद देईनाशी होते. आपल्याकडे ल्युप्रोलाइड आणि ट्रिप्टोरेलिन, दोन्हींचे 3.75 मिलिग्रॅम दर 28 दिवसांनी किंवा 11.25 मिलिग्रॅम दर तीन महिन्यांनी देतात. अमेरिकेत सहा महिन्यांची इंजेक्शनंही आहेत, शिवाय दंडात त्वचेखाली बसवायचं हिस्ट्रेलिन या अशाच औषधाचं रोपण. ते वर्षभर पुरतं, पण बसवायला-काढायला छोटी शस्त्रक्रिया लागते आणि काढताना कधी तुटतं.

औषध घेताना खोक्यावर ‘डेपो’ (म्हणजे शरीरात हळूहळू सुटणारं) लिहिलेलं आहे ना, हे स्वतः वाचा. वंध्यत्वाच्या उपचारात वापरतात ते रोज टोचायचं ल्युप्रोलाइड वेगळं. ते महिन्यातून एकदा दिलं तर ग्रंथी दबत नाही, उलट चेतते. डेपोची पूड सोबतच्याच द्रवात कालवायची आणि लगेच टोचायची. ठेवली तर कण तळाशी बसतात, सुई तुंबते आणि डोस अर्धवट जातो. तारीख लांबली तरी हेच नुकसान: दबलेली ग्रंथी पुन्हा जागी होते.

पहिल्या डोसनंतर दोन-चार आठवड्यांत मुलीला थोडा रक्तस्राव होऊ शकतो. औषध सुरुवातीला ग्रंथीला चेतवतं म्हणून तो होतो. घाबरून दुसरा डोस टाळू नका. सतत डोकेदुखी, उलट्या किंवा अंधुक दिसणं मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

उंचीचा सर्वाधिक फायदा सहाव्या वर्षाआधी लक्षणं सुरू झालेल्या मुलींना होतो. आठव्या वर्षानंतर औषध सुरू केलं, तर तो फारसा दिसत नाही, हे कोणी स्पष्ट सांगत नाही याचं वाईट वाटतं. मुलींमध्ये औषध साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास थांबवतात. पाळी त्यानंतर बहुधा वर्ष-दीड वर्षात येते.