कार्ताहेना: बोकाग्रांदेच्या उंच हॉटेलात, आई-बाबांसोबत

कोलंबियाच्या कार्ताहेनाला जायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो तटबंदीच्या आत, जुन्या शहरात राहण्याचा. सल्ला चुकीचा नाही. १५३३ मध्ये स्पॅनिशांनी वसवलेलं हे शहर १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि आतल्या जुन्या वाड्यांची आता छोटी, देखणी हॉटेलं झाली आहेत. तरीही बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा असतील, त्यातून एकाचे गुडघे दुखत असतील, तर मी सांगेन की बोकाग्रांदेला उंच इमारतीतलं हॉटेल घ्या. आम्ही तेच केलं. सोय तर झालीच, पण या शहराची रचना जी काही समजली तीही तिथल्या गच्चीवरूनच समजली.

बोकाग्रांदे ही जमिनीची चिंचोळी पट्टी. एका बाजूला उघडा कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला बंदराचं शांत पाणी, मध्ये जेमतेम काही रस्ते आणि त्यांवर दाटीवाटीने उभे राहिलेले पांढरे टॉवर. जुन्या शहरातल्या वाड्यांच्या हॉटेलांत बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि चढे असतात आणि चौकातली गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात. इथे टॅक्सी दारात येते, औषधाचं दुकान आणि सुपरमार्केट दोन मिनिटांवर, आणि वीज गेली तर जनरेटर. एका संध्याकाळी खरंच वीज गेली. लिफ्ट थोडा वेळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पंचवीस मजले चढायची वेळ आईवर आली असती तर काय, हा विचार तेवढ्या वेळातही मनात येऊन गेला. म्हणून खोली ठरवताना "पूर्ण इमारतीला जनरेटर आहे का" हे हॉटेलला लिहून विचारा. या भागात हा प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही.

दुसरा प्रश्न विचारायचा तो खोली कोणत्या बाजूची हा. आरक्षण करताना समुद्राची बाजू महाग असते आणि सगळे तीच मागतात. सूर्यास्त तिथून सुंदर दिसतो यात शंका नाही, पण दुपारनंतरचं ऊन थेट काचेवर येतं आणि पडदे ओढून बसावं लागतं. शिवाय डिसेंबर ते मार्च-एप्रिल इथे ईशान्येचा जोरदार वारा असतो. वरच्या मजल्यावर बाल्कनीचं दार जरा फटीएवढं उघडं राहिलं तरी रात्रभर शीळ वाजत राहते. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो होतो आणि बंदराच्या बाजूची खोली घेतली. सकाळी ऊन कोवळं, दुपारी खोली थंड, आणि समोर मांगा बेटावरच्या कंटेनर बंदराच्या क्रेन, त्यामागे ला पोपा टेकडी आणि तिच्या माथ्यावरचा पांढरा मठ. संध्याकाळी सूर्यास्ताला गच्चीवर तरणतलावापाशी जायचं, तिथून दोन्ही बाजू दिसतात. पैसे वाचतात आणि काही गमवावंही लागत नाही.

आता त्या गच्चीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हॉटेलात राहण्याचं खरं सार्थक तिथे झालं. बाबा खिडकीतून एक मोठं कंटेनर जहाज निघताना बघत होते. ते मांग्याकडून निघालं आणि समोरचं मोकळं पाणी सोडून उलट दक्षिणेला, तिएर्राबोम्बा बेटाच्या मागे निघून गेलं. बऱ्याच वेळाने आम्ही गच्चीवर गेलो, तर तेच जहाज बेटाला वळसा घालून पलीकडे खुल्या समुद्रात आलेलं. बाबांचा प्रश्न साधा होता: आपल्या टोकापासून त्या बेटापर्यंत एवढं रुंद पाणी आहे, मग हा सरळ इकडून का नाही गेला?

कारण त्या पाण्याखाली भिंत आहे. अठराव्या शतकात अंतोनियो दे आरेवालो नावाच्या स्पॅनिश लष्करी अभियंत्याने बोकाग्रांदेच्या टोकापासून तिएर्राबोम्बापर्यंत दगडांचा बांध समुद्रात घातला, म्हणजे शत्रूच्या जहाजांना हा रुंद मार्ग बंद व्हावा आणि सगळ्यांना दक्षिणेच्या बोकाचिका या अरुंद तोंडातूनच, तिथल्या किल्ल्यांच्या तोफांसमोरून यावं लागावं. आजही मोठी जहाजं तिकडूनच ये-जा करतात. विजयदुर्गाजवळच्या पाण्याखालच्या भिंतीबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बाबांना तीच आठवली आणि मग उरलेला सगळा प्रवास ते नकाशा हातात घेऊनच फिरले. किल्ले बघायला जाण्याआधी एकदा उंचावरून हे सगळं बघून घ्या. मग सान फेलिपे दे बाराखासचा किल्ला नुसता दगडांचा ढीग राहत नाही. कोणत्या वाटेने धोका येणार होता आणि तो कुठे अडवायचा होता, हे डोळ्यांसमोर असतं.

त्या किल्ल्याला सकाळी उघडताच जा. चढण तापलेल्या दगडांची आहे आणि सावली जवळपास नाही. १७४१ मध्ये इंग्रज दर्यासारंग व्हर्ननच्या प्रचंड आरमाराने शहराला वेढा घातला होता, तो ब्लास दे लेसोच्या नेतृत्वाखाली मोडला गेला. एक पाय, एक डोळा आणि एका हाताचं बळ आधीच्या लढायांत गमावलेला हा माणूस किल्ल्यासमोर पुतळा होऊन उभा आहे. आत भुयारं आहेत. उतार निसरडा आहे, छत कमी उंचीचं आहे, म्हणून आई बाहेरच थांबली. बाबा मात्र वाकून शेवटपर्यंत गेले. पाण्याची बाटली, टोपी आणि पकड चांगली असलेले बूट हवेतच.

हॉटेलासमोरच्या किनाऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. वाळू करडी आहे, पाणी स्वच्छ असलं तरी निळंशार नाही, आणि विक्रेते सतत येतात. मालिश करणाऱ्या बायका बोलता बोलता पायाला तेल लावायला सुरुवात करतात, कुणी कालवं "चाखून बघा" म्हणून हातात देतो, आणि नंतर जी रक्कम सांगितली जाते ती ऐकून माणूस गडबडतो. हातात काही घेण्याआधी, अंगाला कुणाचा हात लागण्याआधी "क्वांतो क्वेस्ता?" विचारायचं आणि नको असेल तर "नो, ग्रासियास" म्हणून चालत राहायचं. थांबलात की बोलणं वाढतं. तंबू आणि खुर्च्यांचं भाडंही बसण्याआधी ठरवा: दिवसाचं की तासाचं, किती खुर्च्यांचं. हे लोक वाईट नाहीत, त्यांचं पोट यावर आहे. भाव आधी ठरला की वागणं अगदी आपुलकीचं असतं. सकाळी साडेसहा-सातला हा किनारा चालायला फार छान असतो, तेव्हा स्थानिक लोकच असतात. अंधार पडल्यावर वाळूवर जाऊ नका.

निळं पाणी आणि पांढरी वाळू हवी असेल तर रोसारियो बेटं किंवा बारूचा प्लाया ब्लांका हा किनारा. बेटांच्या बोटी जुन्या शहराजवळच्या बोदेगीता धक्क्यावरून सकाळी सुटतात. वाऱ्याच्या महिन्यांत दुपारनंतर समुद्र उसळतो आणि परतीच्या वेळी वेगवान बोट लाटांवर आपटत येते. पाठीचं दुखणं असलेल्यांनी पुढे बसूच नये, मागच्या बाकावर जागा धरावी. धक्क्यावर वेगळा प्रवेश-कर द्यावा लागतो, तो सहलीच्या रकमेत धरलेला नसतो. आम्ही आईसाठी बारूला गाडीने गेलो. पूल झाल्यापासून प्लाया ब्लांकापर्यंत रस्त्याने जाता येतं, साधारण तासाभराचा प्रवास. गाडी जाण्या-येण्याची ठरवून घ्या, परतीला तिथे टॅक्सी शोधत बसायला नको.

शाकाहारी मंडळींची आबाळ होईल अशी धास्ती होती, ती हॉटेलच्या न्याहारीनेच घालवली. पपई, पेरू, अननस, चीज घातलेली मक्याची आरेपा, तळलेली कच्ची केळी म्हणजे पाताकोनेस, नारळाच्या दुधात शिजवलेला किंचित गोडसर भात. रसांच्या काउंटरवर "निस्पेरो" लिहिलेलं एक तपकिरी भांडं होतं. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर चिकू!" चिकूच होता. झाड मूळचं याच भागातलं, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनकडचं. डहाणू-घोलवडला ते बऱ्याच नंतर आलं. त्यानंतर आईने रोज तेच घेतलं. बाहेर जेवताना मात्र नुसतं "वेखेतारियानो" म्हणून भागत नाही, कारण घेवड्यात डुकराचं मांस आणि भातात कोंबडीचं पाणी असू शकतं. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं एकेक नाव घेऊन सांगा: मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. अख्खा तळलेला मोहार्रा, नारळभात आणि पाताकोनेस हे ताट बाबांनी सोडलं नाही. जुन्या शहरात घड्याळाच्या मनोऱ्यासमोर पोर्ताल दे लोस दुल्सेसच्या कमानींखाली काचेच्या बरण्यांत नारळाच्या आणि चिंचेच्या मिठाया मिळतात, गुळातल्या. घरी न्यायला उत्तम, आठवडाभर टिकतात.

जुनं शहर बोकाग्रांदेपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. संध्याकाळी रस्ता तुंबतो, म्हणून चारच्या आत निघा. टॅक्सीला मीटर नसतो. हॉटेलच्या स्वागतकक्षात चालू भाडं विचारून घ्या आणि बसण्याआधी तोच आकडा चालकाला सांगा, तो मान्य होतो. किमतींपुढे डॉलरसारखंच चिन्ह असतं, पण ते पेसोचं, आणि हजारांनंतर स्वल्पविरामाऐवजी टिंब असतं. बोलताना तर हजार हा शब्द गाळूनच टाकतात: "वीस" म्हणजे वीस हजार. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. पन्नास हजारांची नोट टॅक्सीवाल्याकडे मोडेलच असं नाही.

हॉटेलच्या बिलाकडे नीट लक्ष द्या. कोलंबियात न राहणाऱ्या परदेशी पर्यटकांना खोलीच्या भाड्यावर १९ टक्के मूल्यवर्धित कर माफ आहे. त्यासाठी पासपोर्ट आणि त्यावरचा प्रवेशाचा शिक्का दाखवावा लागतो, म्हणून विमानतळावर शिक्का उमटला का ते तिथेच बघा. प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट मागितला जातो, लहान मुलांचासुद्धा. रेस्टॉरंटच्या बिलात दहा टक्के बक्षिसी विचारून लावतात. ती ऐच्छिक आहे, आम्ही दिली. वीज ११० व्होल्टची आणि खाचा अमेरिकेसारख्या चपट्या. फोनचे चार्जर चालतात, भारतातून आणलेली पाणी तापवायची किटली किंवा केस वाळवायचं यंत्र चालणार नाही.

वाऱ्याचे महिने नको असतील आणि पावसात जायचा विचार असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतीचं पाणी बोकाग्रांदेच्या रस्त्यांवर येतं हे लक्षात ठेवा. खोल्या स्वस्त असतात, पण वयस्कांना घोटाभर खाऱ्या पाण्यातून टॅक्सीपर्यंत जावं लागू शकतं.

आता कागदपत्रं, कारण आपल्याकडच्या बहुतेकांची अडचण तिथेच होते. भारतीय पासपोर्टवर कोलंबियाचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा किमान १८० दिवस शिल्लक असलेला व्हिसा, किंवा तिथला रहिवासी परवाना असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबा अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर न्यू जर्सीला आमच्याकडे आले होते, ते त्यावरच आले. तिकीट काढण्याच्या दिवशी कोलंबियाच्या परराष्ट्र खात्याच्या पानावर नियम पुन्हा वाचा आणि छापून जवळ ठेवा. विमान कंपनीच्या काउंटरवर प्रत्येकाला तो माहीत असतोच असं नाही. निघण्याआधीच्या ७२ तासांत "चेक-मिग" हा कोलंबियाच्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे.

अमेरिकेत एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का परतीच्या दिवशीही चालू हवा. मेक्सिको-कॅनडाच्या छोट्या सहलीसाठी संपलेल्या शिक्क्यावर मिळणारी सवलत कोलंबियाला लागू नाही. पर्यटक व्हिसावरच्या आई-वडिलांना परतताना पुन्हा अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं, तेव्हा त्यांचं भारताचं परतीचं तिकीट हातात असू द्या.

आणि थेट कोलंबियाहून, किंवा तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल, तर पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं पिवळं कार्ड अनिवार्य आहे. कोलंबिया भारताच्या यादीत आहे आणि कार्ड नसेल तर मुंबईला उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी ही लस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये, त्या वयात तिचा धोका वाढतो. आई-बाबांच्या डॉक्टरांनी नको म्हटलं, म्हणून आम्ही त्यांचा भारताचा प्रवास पुढे ठेवला आणि मधले दिवस ते आमच्याकडेच राहिले.