बिऱ्हाड हलवताना

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, भाडेकरूचे माळ्यावर असते; आणि ते खाली उतरवायची वेळ येईपर्यंत ते किती आहे, याचा त्यालाही पत्ता नसतो. पुण्यासारख्या शहरात ही वेळ बहुधा अकरा महिन्यांच्या हिशेबाने येते. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली आणि त्यातून सुटण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. पुढे महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातील कलम ५५ ने करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, असे ठरवले, त्यामुळे त्या आकड्यात नोंदणीपुरता काही अर्थ उरला नाही; तरीही घरमालक, एजंट आणि भाडेकरू असे तिघेही अकरावर अडून आहेत. नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढते, किंवा घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरते, आणि आपण टेम्पोची चौकशी करू लागतो.

आम्हांला कर्वेनगरातून धायरीला जायचे होते. राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रस्ता आणि मग सरळ पुढे, एवढेच अंतर. तेवढ्यासाठी सामान बांधून पोहोचवणाऱ्या मंडळींनी फोनवर जो आकडा सांगितला, तो ऐकून आम्ही सगळे काम स्वतःच करायचे ठरवले. त्यामागे काटकसर होती हे कबूल. परंतु स्वतः सामान उचलण्याचा एक फायदा त्या आकड्यात कुठेच दिसत नाही, तो असा की प्रत्येक वस्तूला वजन आहे हे तेव्हाच कळते. दुसऱ्याने बांधून दिलेले सामान जसेच्या तसे नव्या माळ्यावर चढते. स्वतःच्या हाताने तीन मजले उतरवायचे म्हटले की दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच, ‘हे आपल्याला खरेच हवे आहे का,’ हा प्रश्न आपोआप सुटतो.

म्हणून स्वस्तात घर हलवायचे असेल तर पहिला फोन टेम्पोवाल्याला न करता रद्दीवाल्याला करावा. टेम्पोची एक खेप वाचवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. आमच्याकडचे जुने दिवाळी अंक त्याच्या काट्याला लटकले तेव्हा मला थोडे वाईट वाटले, पण त्यांतले निम्मे उघडलेलेही नव्हते हे पाहून ते लवकर ओसरले. पुस्तकांच्या बाबतीत मी इतका कठोर होऊ शकलो नाही आणि त्याची किंमत मोजली ती पाठीने. स्टीलच्या भांड्यांचा प्रश्न आणखी नाजूक असतो, कारण त्यांवर नावे कोरलेली असतात. मावशीने दिलेला, तिच्या नावाचा डबा वर्षानुवर्षे वापरला नसला तरी मोडीत घालता येत नाही. असे डबे रिकामे नेऊ नयेत. डाळी, कडधान्ये, चमचे, चिमटे, घड्याळाचे सेल, जे मिळेल ते त्यांत भरावे, म्हणजे मावशीचाही मान राहतो आणि एक खोकेही वाचते.

खोकी विकत घेणे हा शुद्ध अपव्यय आहे. किराणा दुकानदार सकाळी माल लावल्यानंतर रिकामी खोकी बाहेर काढतो, तेव्हा जाऊन मागावे. बिस्किटांची खोकी मोठी असली तरी तकलादू असतात, त्यांत कपडे आणि उशा भराव्यात. तेलाच्या पिशव्यांची खोकी मजबूत असतात, पण ती हुंगून घ्यावीत. औषधांच्या दुकानातली लहान, जाड पुठ्ठ्याची खोकी पुस्तकांसाठी उत्तम, कारण मोठ्या खोक्यात पुस्तके भरण्याचा मोह झाला तर ते खोके उचलणारा माणूस मिळत नाही. काचेच्या सामानासाठी मात्र दारूच्या दुकानातल्या खोक्यांना तोड नाही: आत बारा कप्प्यांची पुठ्ठ्याची जाळी आयतीच असते आणि एकेका कप्प्यात एकेक पेला किंवा कप कागदात गुंडाळून अगदी नेमका बसतो. ती खोकी घेऊन मी जिना चढत असताना सोसायटीच्या वॉचमनने माझ्याकडे ज्या आदराने पाहिले, तसे त्याने त्यापूर्वी कधीही पाहिले नव्हते. टीव्हीचे मूळ खोके थर्मोकोलसह सांभाळून ठेवणाऱ्या गृहस्थाला घरात जे टोमणे ऐकावे लागतात, त्या सगळ्यांची परतफेडही याच दिवशी होते.

बांधाबांधीचे शास्त्र फार मोठे नाही. चादरी, जुन्या साड्या आणि टॉवेल हेच गुंडाळायचे सामान. ताटल्या आडव्या रचू नयेत, खोक्यात उभ्या लावाव्यात. उभी ताटली खड्ड्याचा धक्का सोसते, आडव्यांच्या चळतीत सगळ्यांत खालची तडकते. पलंग सोडवला की त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच पलंगाच्या फळीला चिकटपट्टीने चिकटवावी. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ती कोणाच्या तरी मांडीवर द्यावी, हे आमच्या आईचे मत आणि त्यावर चर्चा होऊ शकत नाही. मसाल्याच्या डब्याचे झाकण घट्ट असल्याची खात्री सगळेच देतात. तरीही त्याला फडक्याची गाठ मारावी.

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून, बंद करून, बर्फ वितळू द्यावा. तो उभाच न्यावा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरू शकते, आणि तशी वेळ आलीच तर नव्या घरी काही तास उभा ठेवून मगच चालू करावा. समोरून दार उघडणाऱ्या कपडे धुण्याच्या यंत्राला मागून लावायचे वाहतुकीचे बोल्ट असतात. ते नसले तर आतले पिंप प्रवासभर हेलकावे खाते. हे बोल्ट यंत्र बसवायला येणारा माणूस काढून आपल्या हातात देतो आणि त्या क्षणापासून ते पृथ्वीवर कुठेही सापडत नाहीत. इन्व्हर्टरची बॅटरी उभी आणि एकटी न्यावी, कारण तिच्यातून सांडणारे पाणी हे पाणी नसते. गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असला तरी लोखंडाचे वजनही जवळपास तेवढेच असल्याने हातात सगळे मिळून तीस किलो येतात. शहरातल्या शहरात जायचे असेल तर जोडणी नव्या वितरकाकडे वळवता येते आणि सिलिंडर व रेग्युलेटर आपल्याबरोबरच राहतात. दुसऱ्या गावी जायचे असेल तर मात्र दोन्ही परत करून, अनामत घेऊन, तिथे कागद दाखवून नवे घ्यावे लागतात.

दिवस कोणता निवडावा, यावर आमच्या घरी बरीच खलबते झाली. महिनाअखेरीस आणि शनिवार-रविवारी सगळ्या शहराला एकाच वेळी घर बदलायचे असते, त्यामुळे टेम्पोवाला सांगेल तो भाव. याउलट पितृपक्षात कोणी बिऱ्हाड हलवत नाही, म्हणून टेम्पोवाले स्टँडवर निवांत बसलेले असतात आणि घासाघीस ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतात. मी हा मुद्दा मांडला तेव्हा आईने माझ्याकडे पाहिले आणि विषय संपला असे मला वाटले. पण काटकसर हा तिचाही धर्म असल्याने तिनेच तोड काढली. गणपती संपण्याच्या आत एका चांगल्या दिवशी देव, पाण्याचा कलश, मीठ आणि हळद घेऊन नव्या घरी जायचे, शेगडीवर दूध उतू घालायचे, म्हणजे गृहप्रवेश झाला. त्यानंतर पितृपक्षात जाईल ते नुसते सामान, आणि सामानाला तिथी नसते. त्यासाठी नव्या घराची किल्ली आठवडाभर आधी मिळवावी लागली. ती मिळण्याचा दुसरा फायदा असा की रोज स्कूटरवरून कामाला जाता-येता एकेक पिशवी नेता आली आणि रिकाम्या घराची झाडलोट, मोजमाप, नळ आणि दिव्यांची बटणे हे सगळे सामानाच्या आधीच पाहून झाले.

टेम्पो म्हणजे अर्थातच छोटा हत्ती. टाटा एस हे त्याचे खरे नाव. २००५ साली तो रस्त्यावर आला आणि मध्यमवर्गाचे अर्धे संसार त्यानेच इकडून तिकडे नेले. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद, आणि तो पाऊण टनाच्या आसपास भार वाहतो. आमचे लोखंडी कपाट साडेसहा फुटांचे, म्हणजे आडवे टाकले तर हौद्यात जेमतेम मावणारे. हे मी टेपने मोजून ठेवले होते. टेम्पोवाले मामा वर आले, सगळ्या खोल्यांतून एकदा फिरले आणि म्हणाले, “साहेब, दोन खेपा.” मी मोजमापाचा कागद दाखवला. त्यांनी तो आदराने पाहिला आणि परत दिला. दोनच खेपा झाल्या.

मित्र मदतीला येतात, आणि त्यांना यावेच लागते, कारण आपणही त्यांच्या वेळी गेलेलो असतो. पण कपाट, फ्रिज आणि पलंग यांसाठी दोन हमाल घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे पैसे वाचवणारा माणूस ते हाडवैद्याला देतो. ओझे वाहणे ही पुण्यात पोरकी विद्या नाही. बाबा आढावांची हमाल पंचायत इथलीच, शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठी लढणारी, आणि माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदाही महाराष्ट्राचाच. आमच्याकडे आलेल्या दोघांनी कपाटाला आधी नुसता हात लावून ते कुठे जड आहे ते पाहिले. मग दोर कपाटाच्या बुडाखालून घेऊन खांद्यांवरून टाकला. खालचा माणूस दोन पायऱ्या पुढे आणि पाठमोरा, वरचा दोर सैल करत करत मागे. वळणावर जिथे माझ्या हिशेबाने कपाट अडकायलाच हवे होते, तिथे त्यांनी ते थांबवले, उभे केले, खालचा एक कोपरा गोणपाटावर टेकवला आणि त्या कोपऱ्यावर सगळे कपाट अलगद फिरवले. कठड्याला ओरखडा नाही, भिंतीला नाही. “येऊ दे... येऊ दे... बस,” एवढेच संभाषण. माझे तीन मित्र, तिघेही अभियंते, उशा हातात घेऊन हे पाहत उभे होते.

हौद्यात सामान लावण्याचा अधिकार मामांनी स्वतःकडे ठेवला. कपाट आणि फ्रिज केबिनच्या बाजूला, फ्रिज दोराने आवळलेला; आरसा दोन गाद्यांच्या मध्ये; खोकी त्यांवर, आणि गाठोडी जिथे फट दिसेल तिथे. शेवटी चढते ते आधी उतरते, म्हणून झाडू, बादली, शेगडी, चहा-साखरेचे डबे आणि बाथरूममधले दिवे यांची पिशवी सगळ्यांत मागे. नव्या सोसायटीत सामानासाठी लिफ्ट वापरायला दुपारची ठरावीक वेळच होती आणि तिच्या भिंतींना चादर लावायची अट होती. ती चादर कोणत्या गाठोड्यात आहे हे शोधण्यात त्या वेळेतला बराचसा भाग गेला.

जुन्या घराची किल्ली देण्यापूर्वी विजेच्या मीटरचा आकडा, भिंती, नळ आणि खिडक्या यांचे फोटो काढून ठेवावेत. अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापण्याची हौस घरमालकांना असते, आणि आपण घर कसे सोडले यावर दोघांची आठवण कधीच जुळत नाही.

रात्री हिशेब केला. टेम्पो, हमाली, सुतळी, चिकटपट्ट्या, आणि सगळ्यांची मिसळ व दोनदा चहा धरूनही खर्च त्या फोनवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आतच राहिला होता. हे मोठ्या आवाजात जाहीर करून झाल्यावर पत्नीने समोरच्या खिडकीकडे बोट दाखवले. आमचे पडदे पाच फुटांचे आणि इथल्या खिडक्या सहा फुटांच्या. रिकामे घर मोजताना मी टेप सगळीकडे लावली होती, फक्त खिडक्यांना नाही, आणि मोजले असते तरी पडदे काही वाढले नसते. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर जाऊन वाचलेले बरेचसे पैसे आम्ही कापडाच्या दुकानात दिले. जुन्या पडद्यांची घडी सध्या माळ्यावर आहे. पुढच्या घराच्या खिडक्या कदाचित पाच फुटांच्या असतील.