मिठाला पाणी सुटतं तसं

मंगळवार, रात्र

सकाळपासून धो धो. परळला उतरले तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, पण प्रॅक्टिकल बुडवायचं नव्हतं. आज सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे तीव्रतेचं माप) द्रावण. २५० मिलीला १ ग्रॅम, हिशोब तोंडपाठ.

काट्यावर वॉच ग्लास, म्हणजे काचेची उथळ बशी, आणि तिच्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवल्या. १.००० ग्रॅम. वहीत लिहितेय तोवर १.००४. मग १.००९. हात लावला नव्हता, पंखाही बंद. वाकून पाहिलं तर गोळ्यांच्या कडा ओल्या होऊन चकाकत होत्या. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं म्हणून आई बरणीत तांदळाचे दाणे टाकते, तेच हे. पण हवेतलं पाणी असं आकड्यांत चढताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "याच्या वजनावर विसंबायचं नाही. ऑक्झॅलिक आम्लाला विचारायचं." त्याचे स्फटिक १.५७६ ग्रॅम घेतले, २५० मिलीला, म्हणजे तेही ०.१ नॉर्मल; आकडा जागचा हलला नाही. ज्याच्या वजनावर विसंबता येतं तो 'प्रायमरी स्टँडर्ड', ही व्याख्या मी परीक्षेत दोनदा लिहिली आहे. अर्थ आज कळला.

मग टायट्रेशन: ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, आपलं द्रावण सोडत जायचं आणि आम्ल संपायला किती मिली लागलं ते मोजायचं. शंकुपात्रात १० मिली आम्ल, आम्ल संपलं की गुलाबी होणारं फिनॉल्फथॅलिन दोन थेंब, खाली पांढरी टाइल. पहिल्यांदा घाई झाली आणि गडद गुलाबी, १०.९ मिली. दुसऱ्या वेळी शेवटाकडे अर्धा अर्धा थेंब: ब्युरेटच्या टोकाला लोंबू द्यायचा, काचेला टेकवायचा, वॉश बॉटलने आत धुवायचा. गुलाबी येते, ढवळलं की जाते, येते, जाते, आणि एकदा इतकी फिकट येऊन थांबते की श्वास रोखला जातो. १०.६. तिसऱ्यांदाही १०.६.

शेजारची म्हणाली, "१० लिही ना, बरोबर दिसेल." मला ते जमेना. १०.६ म्हणजे द्रावण ०.०९४ नॉर्मल. गोळ्यांच्या रोज उघडणाऱ्या त्या बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर पाणी आणि थोडा कार्बोनेटही असणार, आणि त्या ०.६ मध्ये तेच तर दिसतंय. ते खोडून काय मिळवायचं? जर्नलमध्ये पेनानेच लिहिलं.

उरलेलं द्रावण बाटलीत भरून चिठ्ठी लावून ठेवलंय. पुढच्या मंगळवारी त्याचं रीडिंग परत घेऊ द्या, असं मॅडमना विचारणार आहे. आठवडाभरात हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात किती शिरतो, ते बघायचंय.