भरतीरेषेवरच्या पॉरोपॉडांच्या शोधात

समुद्रकाठच्या मातीतले पॉरोपॉड पाहण्यासाठी आम्ही दोघे दोन दिवस किनाऱ्यावर राहिलो आणि त्यांतला पहिला दिवस जवळजवळ वाया घालवला, कारण किनाऱ्यावरचे जीव म्हणजे पुळणीतले जीव, असे आम्ही गृहीत धरले होते. लाटा जी वाळू रोज उलथीपालथी करतात तिच्यात पॉरोपॉडांचा टिकाव लागत नाही. गोम आणि वाणी यांच्याच बहुपाद गटातला हा प्राणी जेमतेम अर्धा ते दोन मिलिमीटर लांब, पांढुरका आणि डोळे नसलेला असतो. त्याला माती उकरता येत नाही, त्यामुळे तो कणांमधल्या फटींतून आणि कुजलेल्या मुळांनी सोडलेल्या वाटांतून फिरतो, आणि ओल गेली की लवकर सुकतो. म्हणून त्याला शोधायचे ते उधाणाच्या भरतीरेषेच्या लगेच वर, जिथे अर्धवट रुतलेले गोटे बराच काळ हललेले नसतात आणि त्यांच्याखाली वाळूत पाला कुजून काळसर थर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी तसाच एक गोटा उचलला. त्याच्या ओल्या तळाशी भिंग धरले, तर मिनिटभर काहीच दिसले नाही. मग एक पांढरा ठिपका सुसाट धावला, थबकला आणि दिशा बदलून पुन्हा धावला. ही चाल एकदा पाहिली की डोळा सरावतो. प्रौढाला बहुधा पायांच्या नऊ जोड्या असतात, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तीनच, त्यामुळे सहा पाय दिसले म्हणून त्याला स्प्रिंगटेल (मातीतला सहा पायांचा, उड्या मारणारा बारीक जीव) समजू नये. डोक्यावरच्या शृंगिका पाहाव्यात, कारण पॉरोपॉडाच्या शृंगिकांना फाटे असतात आणि स्प्रिंगटेलच्या नसतात. शेजारी थोडे मोठे, पायांच्या बारा जोड्यांचे सिम्फायला हे त्याच बहुपाद गटातले जीवही असू शकतात.

दहापट भिंगाने हालचाल कळते, पाय मोजायला मात्र सूक्ष्मदर्शकच हवा. ट्रे काळा घ्यावा. आमचा पांढरा होता आणि त्यात पांढरा जीव शोधणे ही निव्वळ डोळेफोड ठरली. जीव चिमट्याने न धरता ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलावा.

सर्वांत मोठी चूक परतल्यावर झाली. मातीचा नमुना बर्लीज नरसाळ्यात, म्हणजे वरून उष्णता देऊन मातीतले जीव खालच्या बाटलीत उतरवणाऱ्या नरसाळ्यात, ठेवून वर मोठा बल्ब लावला, तेव्हा माती रात्रभरात सुकली आणि खालच्या बाटलीत स्प्रिंगटेल व माइट (कोळ्यांच्या गटातले बारीक जीव) तेवढे पडले. पॉरोपॉड खाली सरकण्याआधीच मेले असावेत. मंद बल्ब, मातीचा पातळ थर आणि काही दिवसांचा धीर हवा. (पॉरोपॉडांचे पहिले वर्णन करणारे इंग्रज निसर्ग-अभ्यासक जॉन लबक यांना एकोणिसाव्या शतकात हे जीव सापडले ते त्यांच्या स्वतःच्या बागेत, हे आम्हाला नंतर आठवले.)

भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी आणि उचललेला प्रत्येक गोटा त्याच खळग्यात, त्याच बाजूने परत ठेवावा. उलटा ठेवला तर ओली बाजू उन्हात येते आणि खालची वस्ती सुकते.