नऊ ते पाचमध्ये काय सरकवता येतं? टीओडी मीटरचा अनुभव

स्मार्ट टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरणच्या दरांत 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांची सवलत सुरू झाली. ती घ्यायची तर कोणतं काम कधी, हे आपणच ठरवायचं असतं. ते ठरवताना जे हाती लागलं ते लिहितो.

आधी अ‍ॅपमध्ये आठवडाभराचा तासातासाचा वापर पाहिला. फ्रिज, दिवे, पंखे यांना हात लावण्यात अर्थ नाही. सरकतात ती कामं मोजकीच: वॉशिंग मशीन, इन्व्हर्टरचं चार्जिंग, इस्त्री, ई-स्कूटर.

सगळ्यात फायद्याची ई-स्कूटर. 3 युनिटची बॅटरी भरायला मीटरवर साधारण साडेतीन युनिट पडतात, म्हणजे 80 पैशांच्या सवलतीने एका चार्जिंगला 2 रुपये 80 पैसे वाचतात. स्कूटर दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये असेल, तर अर्थात हा हिशेब संपला.

गीझरचा मोह मात्र टाळावा. 25 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 1 युनिट लागतं, म्हणजे सवलत 80 पैसे. दुपारी तापवलेलं पाणी सकाळच्या आंघोळीपर्यंत ठेवलं आणि त्यात पाव युनिट उष्णता गेली, तर 10 रुपये दराने अडीच रुपयांचं नुकसान. सकाळचं पाणी सकाळीच तापवा.

वॉशिंग मशीनमध्ये गोम आहे ती डिले बटणाची, म्हणजे धुणं उशिरा लावण्याच्या बटणाची. काही मशीनमध्ये ते सुरू होण्याची वेळ धरतं, काहींत संपण्याची. गरम पाण्याच्या धुण्यात बहुतेक वीज सुरुवातीला हीटर खातो. त्यामुळे ‘10 वाजता संपेल’ असं लावलं, तर हीटर नऊच्या आधीच चालून जातो. शिवाय मधे वीज गेली की काही मशीन डिले विसरतात.

स्वस्तातला दातांचा टायमर, म्हणजे गोल तबकडीवरचे दाते दाबून वेळ लावायचा, वीज गेली की थांबतो. दोन तास वीज नसेल तर एकचं काम तीनला सुरू होतं आणि चूक साठत जाते. आठवड्यातून एकदा घड्याळाशी जुळवावा, नाहीतर बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. वायफायवर चालणारा स्मार्ट प्लग घेतलात तर वीज परत आल्यावर तो बंदच राहील अशी सेटिंग करा, नाहीतर रात्री आठला चार्जिंग सुरू होतं. राउटर इन्व्हर्टरवर हवा. वीज आल्यावर पुष्कळ प्लगना इंटरनेट मिळेपर्यंत वेळच कळत नाही. 2000 वॅटचं उपकरण साधारण पावणेनऊ अँपिअर घेतं, त्याला 6 अँपिअरचा प्लग लावू नका, वितळतो.

सगळं दुपारी एकला लावण्याची चूकही होते. 2 किलोवॅटचा मशीनचा हीटर, 1 किलोवॅटची इस्त्री, दीड किलोवॅटचा एसी एकत्र आले की भार साडेचार किलोवॅटवर जातो. मंजूर भार 3 किलोवॅट असेल तर तो ओलांडला जातो आणि एमसीबीही (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. म्हणून मशीन 10 ला, इस्त्री 12 ला, स्कूटर 1 नंतर.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं एकच: घरातल्या कोणालाही मोबाईलशिवाय हे वेळापत्रक मोडता आलं पाहिजे. पाहुणे आले, पाऊस आला, बाळाचे कपडे आत्ताच धुवायचे आहेत, तर एका बटणावर मशीन चालू व्हायला हवं. म्हणून टायमरवर ‘थेट चालू’ची खिटी आणि प्लगवर हाताचं बटण आहे का, ते दुकानातच तपासावं. बसवल्यावर एक पूर्ण दिवस मोबाईल बाजूला ठेवून घर चालवून पाहावं. जिथे अडेल तिथला टायमर काढून टाकावा.