सकाळच्या कप्प्यात पाच गोळ्या

डबा मीच आणला होता हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी आईला नावं ठेवतेय असं वाटायचं. गोखले रोडवरून आणलेला, सात वारांचे सात कप्पे, पारदर्शक झाकणं. आईच्या गोळ्या कधी टीव्हीवर, कधी देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये, कधी पर्सच्या तळाशी, म्हणून एका रविवारी नौपाड्याला गेले आणि सगळ्या स्ट्रिपा कापून मस्त कप्पे भरून दिले. थायरॉईडची, कॅल्शियमची, आयर्नची, बी 12 ची आणि एक मल्टीव्हिटॅमिन. आई खूश, कारण तिला कुठलंही काम सकाळी एकदाच उरकायला आवडतं, भाजी निवडण्यापासून इस्त्रीपर्यंत, मग गोळ्याच कशाला दिवसभर घेत बसायच्या? सहाला उठायचं, कप्पा उघडायचा, पाचही गोळ्या तळहातावर आणि चहाबरोबर गट्टम.

चार महिन्यांनी रिपोर्ट आला तर टीएसएच 9.2 (रक्तातला हा आकडा वाढला म्हणजे थायरॉईडचं औषध कमी पडतंय). आधी 3 च्या आसपास असायचा. हिमोग्लोबिनही होतं तिथेच, जराही हललेलं नाही. डॉक्टर थायरॉईडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी 75 करायला निघालेच होते, पेनाचं टोपण काढलेलं, आणि मग सहज विचारलं, काकू गोळी घेता कशी? आईने कौतुकाने डब्याचं वर्णन केलं, माझ्या लेकीने भरून दिलाय म्हणाली. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मला तिथल्या तिथे टेबलाखाली जावंसं वाटलं.

तर झालं होतं असं, की थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीला, पोट रिकामं लागतं, साधं पाणी लागतं आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. कॅल्शियम आणि आयर्न तर त्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत, म्हणून त्यांच्यात 4 तासांचं अंतर हवं, ॲसिडिटीच्या गुलाबी औषधालाही तोच नियम. इकडे आयर्नचं आणि चहाचं पटत नाही, चहातल्या टॅनिनमुळे ते शोषलं जात नाही, आणि कॅल्शियम शेजारी असेल तर अजूनच कमी. म्हणजे आई रोज न चुकता औषध घेत होती आणि त्यातलं निम्मं वाया जात होतं. औषध चुकवणाऱ्या माणसाला ओरडता तरी येतं हो, हिला काय बोलणार?

डॉक्टरांनाही दोष देता येत नाही मला. थायरॉईडचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे, आयर्न फॅमिली डॉक्टरांनी दिलेलं. तिन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, 1-0-0, 1-0-1 सगळं नीट लिहिलेलं, पण तिन्ही कागद एका टेबलावर शेजारी शेजारी कधी कोणी ठेवलेच नव्हते. ते काम घरातल्याच कोणीतरी करायचं असतं, आणि आमच्याकडे ते करणारी बाई डबा भरत होती.

मग टाइमटेबल केलं, डॉक्टरांना विचारून, आणि आईशी भाजीवाल्यासारखी घासाघीस करून. साडेपाचला थायरॉईडची, गोळी आणि तांब्या उशाशीच. चहा साडेसहाला, यावर दोन दिवस अबोला. 11 वाजता आयर्न लिंबूपाण्याबरोबर, कारण व्हिटॅमिन सी ने आयर्न चांगलं शोषलं जातं, आणि त्याच्या मागेपुढे तास-दोन तास चहा नाही. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, एकदम नाही, कारण शरीर एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या आसपासच नीट घेतं, आणि तिची गोळी कार्बोनेटची आहे, तिला जेवणानंतरचं पोटातलं ॲसिड लागतं. (सायट्रेटवाल्या गोळीला जेवणाची अट नाही.) गुरुवारी उपवासाला काय करू, आईने विचारलं. खिचडी खाशील ना, मग झालं जेवण. हे आमच्या आईचं टाइमटेबल आहे, तुमच्या आईला तसंच्या तसं लावू नका, आणि घरात कोणी वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, घेत असेल तर नवीन कुठलीही गोळी सुरू करायच्या आधी विचाराच, त्यात व्हिटॅमिन के असलं तर सगळा हिशोब बिघडतो.

यात व्हिटॅमिन डी राहिलं. ते फॅटमध्ये विरघळतं, म्हणून तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यायचं, एवढं सोपं आहे. पण 60,000 युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा असतं, आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी ते इलेक्ट्रालसारखं रोज एक घेतलं, महिनाभराहून जास्त. रोजची गरज 600 युनिट, म्हणजे 100 दिवसांचं एका दिवसात! उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, बोलण्यात गोंधळ, शेवटी रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर भलतंच वाढलेलं, ॲडमिट करावं लागलं. व्हिटॅमिनने कुठे काय होतं हे वाक्य मी तेव्हापासून बंद केलंय.

माझंही फार शहाणपणाचं नाही चाललेलं. केस गळतात म्हणून ऐरोलीच्या ट्रेनमधल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून 10 मिलिग्रॅम बायोटिन घेत होते, दिवसाला लागतं 30-40 मायक्रोग्रॅम, आणि तसंच थायरॉईडची टेस्ट करायला गेले. बायोटिनने काही टेस्टचे आकडे खोटे येतात, टीएसएच खरा असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2017 मध्येच हे सांगितलंय. घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा फक्त उपाशी आहात का एवढंच विचारतो. आता दोन-तीन दिवस आधी बंद करते आणि डॉक्टरांना सांगून ठेवते.

आईचा टीएसएच दोन महिन्यांनी 3.6 आला, गोळी 50 चीच. पण टाइमटेबल करताना मल्टीव्हिटॅमिनला जागाच सापडेना, त्यात आयर्नही, कॅल्शियमही, झिंकही, आणि सकाळची मळमळ बहुतेक त्या झिंकची असणार, कारण ती बंद केल्यावर थांबली. डॉक्टर म्हणाले, मी दिलेलीच नाही. दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही नाही, तिसऱ्यांनीही नाही. फाईलमधले सगळे कागद जमिनीवर पसरून बसलो, 2 वर्षांचे, कुठेच नाव नाही. शेवटी पेपर वाचता वाचता बाबा म्हणाले, अगं ती माझी आहे, मला कंटाळा आला म्हणून मी सोडली, पण केमिस्टकडे जाताना रिकामी स्ट्रिप न्यायची सवय राहिली.