दुसऱ्या डोळ्याचं काय करायचं?

पिस्तुलाचा नेम धरताना एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे ठेवायचे, हे मला जितक्या वेळा विचारलं जातं तितक्या वेळा ट्रिगरबद्दलही कुणी विचारत नाही. खरं तर आधी ट्रिगरबद्दलच विचारायला हवं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर तर विचारण्याचा सूरच बदलला. तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचनं १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्य जिंकलं, तेही डोळ्यापुढे ब्लाइंडर, म्हणजे नेम न धरणारा डोळा झाकणारी पट्टी, न लावता, दोन्ही डोळे उघडे ठेवून. त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य आणलं, पण लोकांच्या डोक्यात बसला तो दिकेचचा फोटो. तेव्हापासून पालक मला म्हणतात, ‘मग तुम्ही मुलांच्या चष्म्यावर पट्ट्या कशाला चिकटवता?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आधी मिटलेल्या डोळ्याचं बघू. आत्ता डावा डोळा घट्ट मिटा आणि तसाच ठेवा. गाल वर चढतो, कपाळ आकसतं आणि काही क्षणांत उजव्याची पापणीही खाली यायला लागते. ७५ मिनिटांत ६० शॉट्स, त्याआधी सरावाचे शॉट्स, आणि प्रत्येक वेळी सहा-आठ सेकंद हा ताण. पन्नासाव्या शॉटला उजवा डोळा पाणावलेला असतो. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. दोन्ही बाहुल्या एकमेकींशी बांधलेल्या असतात. एका डोळ्यापुढे अंधार केला की दुसऱ्याची बाहुलीही थोडी मोठी होते. बाहुली मोठी झाली की एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं आणि मागचं-पुढचं जास्त पुसट होतं. नेमबाजाला नेमकं उलटं हवं असतं: फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकाची खूण) धारदार, आणि रिअर साइटची (डोळ्याकडच्या पट्टीची) खाच व टार्गेटचं काळं वर्तुळ निदान ओळखू येईल इतपत.

हे बारीकसारीक वाटेल, पण आकडे बघा. दोन साइट्समध्ये अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. खाचेत फ्रंट साइट १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा ३ सेंटिमीटर सरकतो. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. उलट हात आडवा ३ मिलिमीटर डुलला, पण साइट्स एकमेकींशी जुळलेल्या राहिल्या, तर छर्राही ३ मिलिमीटरच हलतो. म्हणून फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी सारख्या आहेत का, हे बघण्यातच डोळ्याचं सगळं कसब लागतं. दमलेल्या डोळ्याला ते जमत नाही.

एवढं कळल्यावर मी सरळ निष्कर्ष काढला होता: दोन्ही उघडे ठेवा, सवय होते. बरीच वर्षं मी हेच सांगत होते, ठणकावून सांगत होते.

मग एका मुलाचं कार्ड, म्हणजे कागदी टार्गेट, परत आलं. पाच छर्रे झाडले होते आणि भोकं चार. चारही नऊ-दहाच्या आसपास, देखणा ग्रुप. पाचव्याचा पत्ता नाही. मी आधी म्हटलं, दोन एकाच भोकातून गेले असतील. कार्ड उजेडात धरलं. भोकाच्या कडा तसं सांगत नव्हत्या. मग म्हटलं, ट्रिगर झटकला असशील. तो म्हणाला, ‘नाही ताई, साइट अगदी सरळ होती. काळंही बरोबर वर होतं.’ मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. चार दिवस त्याच्याकडून कार्डाऐवजी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ट्रिगरचाच सराव करून घेतला. पाचव्या दिवशी, सरावाच्या शेवटी शेवटी, पुन्हा तेच झालं. या वेळी आम्ही मागची फळी तपासली. छर्रा कार्डाच्या डावीकडे जवळजवळ अर्धा मीटर रुतला होता. ट्रिगर झटकून छर्रा इतका लांब जायचा तर पिस्तूल वळलेलं कुणालाही दिसलं असतं.

मुलगा खरं बोलत होता. हात लांब करून अंगठ्याकडे बघा: मागची वस्तू दोन दिसते. फ्रंट साइटवर दोन डोळे लावले की काळी वर्तुळंही दोन दिसतात, प्रत्येक डोळ्याचं एक. दोन बाहुल्यांत सहा सेंटिमीटर अंतर आणि साइट डोळ्यापासून मीटरभर. मग १० मीटरवर, साइटच्या नऊ मीटर पुढे, त्या दोन प्रतिमांत नऊपट, म्हणजे चोपन्न सेंटिमीटर अंतर पडतं. एरवी मेंदू त्यातली एक दाबून टाकतो. ज्या डोळ्याचं चित्र मेंदू ठेवतो तो प्रबळ डोळा. या मुलाचा उजवा डोळा प्रबळ होता, पण जेमतेम. उजवा दमला की डावा पुढे यायचा. साइट्स उजव्या डोळ्यानं जुळवलेल्या, वर्तुळ मात्र डाव्याचं निवडलेलं. त्याला चित्र खरोखरच निर्दोष दिसत होतं.

प्रबळ डोळ्याची चाचणी मी घेतली नव्हती असं नाही. दोन्ही हात लांब, पंजांमध्ये छोटी फट, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबची खूण त्या फटीत आणायची, मग डावा डोळा झाकायचा. खूण जागेवर राहिली तर उजवा प्रबळ, गायब झाली तर डावा. पण मी ती सकाळी, ताज्या डोळ्यांवर, एकदाच घेतली होती. आता सरावानंतरही घेते.

मग पट्टी. पट्टी म्हणजे डोळा बंद करणं नव्हे, हे समजावता समजावता माझा घसा बसलाय. ती दुधी हवी, काळी नको. काळीनं पुन्हा अंधारच होतो. धुरकट चिकटपट्टीचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. नियमाप्रमाणे पुढचा ब्लाइंडर ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, टार्गेटच्या दिशेनंच ते उचलून नेहमीसारखं उभं राहायचं, उजवा डोळा झाकायचा आणि जोडीदारानं तुकडा डाव्या काचेवर बाजूनं सरकवत न्यायचा. साइट्स दिसेनाशा झाल्या की तिथेच चिकटवायचा. पापणी उघडी, उजेड आत येतोय, चेहरा सैल, फक्त साइट्स डाव्याला दिसत नाहीत.

मग दोन्ही डोळे उघडे ठेवणारे चुकतात का? नाही. ज्याचा डोळा ठाम प्रबळ आहे त्याला पट्टीची गरज नाही. दिकेचला लागत नाही, तुमच्यातल्या काहींनाही लागणार नाही. रेड डॉटवर (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटवर) तर नजर टार्गेटवरच असते, तिथे दोन्ही डोळे आपसूक उघडे राहतात. आणि वर्षानुवर्षं डोळा हलकेच मिटून चांगला खेळणाऱ्याला स्पर्धेच्या तोंडावर बदलायला मी सांगत नाही. मला ते पटत नाही, पण त्याचा स्कोअर माझ्या बाजूनं बोलत नाही.

त्या मुलाची पट्टी कापत कापत आता सेंटिमीटरवर आलीय. परवा त्यानं विचारलं, ‘ताई, काढून बघू?’ साठाव्या शॉटनंतर चाचणी घेतली, उजवा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, डावा. पट्टी अजून काचेवरच आहे.